गाऱ्हाण्यात मी थांबलो तेव्हा

आधीच सांगून टाकतो – या पेजवरचे अनुभव वाचून खाली हसण्याचे इमोजी टाकणाऱ्यांपैकी मी आहे. कोणी लिहिलं की 'पिंपळाखाली बाई उभी होती', तर 'भाऊ, चष्म्याचा नंबर चेक कर' असं उत्तर देणारा तो मीच. त्यामुळे आज माझ्यावर कोणी हसलं तर मला राग येणार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा आणि मग हसा, एवढंच म्हणणं आहे.

मी अंधेरीला एका डबिंग स्टुडिओत साउंडचं काम करतो. साऊथच्या, बाहेरच्या देशांतल्या सिरियल्स हिंदी-मराठीत येतात ना, त्यात पडद्यावरच्या माणसाचे ओठ आणि आपल्या कलाकाराचा आवाज जुळवायचा, हे माझं काम. 'प' आणि 'म' ला ओठ मिटलेच पाहिजेत, 'आ' ला उघडलेच पाहिजेत. दिवसभर लोकांची तोंडं बघून मी घरी येतो आणि मग बायको म्हणते, माझ्याशी बोलताना तरी डोळ्यांत बघ.

राहायला चारकोपला. सेक्टरमधलं बैठं घर, वर नंतर चढवलेला एक मजला. आई, मी आणि बायको स्नेहल. आम्ही मूळचे मालवणकडचे, आजोबा गिरणीत होते, बाबा जाऊन आता काही वर्षं झाली. धाकटी बहीण प्राची लग्न होऊन बोरिवलीला गेली. तिचा नवरा निलेश – साधा माणूस, बँकेत आहे, जोरात शिंकलाही नसेल कधी.

आणि प्राची त्याच्या बरोब्बर उलटी. बडबडी, भांडकुदळ, मोठ्याने हसणारी, त्याहून मोठ्याने रडणारी. साबणाच्या जाहिरातीत आई-मुलगी दिसल्या तरी हिच्या डोळ्यांत पाणी. भाजीवाल्याशी वाद घातला तर पलीकडच्या गल्लीला कळायचं. मी तिला 'भोंगा' म्हणायचो आणि ती मला चप्पल दाखवायची.

दोनेक वर्षांपूर्वी तिला दिवस गेले. घरात नुसता आनंदी आनंद. आईने दुपट्यांचा ढीग शिवून ठेवला. आणि आठव्या महिन्यात एका सकाळी प्राचीचा फोन आला, "दादा, बाळ हलत नाहीये रे." मी म्हटलं झोपलं असेल, उगाच घाबरू नकोस. सोनोग्राफीत कळलं... ठोका नव्हता.

मुलगी होती. त्यापुढचं मी लिहीत नाही, लिहवत नाही.

आमच्यात असं काही घडलं की एक पद्धत आहे – विषय काढायचा नाही. गावाहून काका-काकी आले, मावश्या आल्या, सगळ्यांनी आईला बाजूला घेऊन तेच सांगितलं. विषय काढू नका, पोर विसरेल, अजून वय आहे. दुपटी एका रात्रीत माळ्यावर गेली. बाळाचं बारसं नाही, नाव नाही, फोटो नाही. आम्ही सगळे तिच्यासमोर पावसापाण्याच्या गप्पा मारायचो. चांगल्या मनाने करत होतो हो! तिला त्रास होऊ नये एवढंच डोक्यात होतं.

पहिले काही महिने प्राची रडायची. नुसती रडायची. जेवताना, कपडे वाळत घालताना, फोनवर बोलता बोलता. निलेश ऑफिसातून येईपर्यंत खिडकीत बसलेली असायची. मग तिच्या बिल्डिंगमधली एक मैत्रीण तिला घेऊन गेली बोरिवलीतल्याच एका ध्यानवर्गाला. छोटा हॉल, पंधरा-वीस माणसं, शिकवणाऱ्या एक वयस्कर बाई – सगळे त्यांना ताई म्हणतात.

खरं सांगतो, सुरुवातीला मला वाटलं, बरं झालं बाबा. कारण फरक पडला होता. प्राची झोपायला लागली. दोन घास जेवायला लागली. घरी आली की सांगायची, "दादा, भावना आली ना की तिच्यात शिरायचं नाही. बाजूला उभं राहून बघायचं. साक्षीभाव म्हणतात त्याला." मी म्हणायचो, "झाली का संत? आता भोंगा म्हणू की माताजी?" तेव्हा ती हसायची तरी.

मग पुस्तकं आली. ऑनलाइन प्रवचनं आली. हिंदी, इंग्लिश, कुठकुठल्या गुरूंची, सगळं एकदम. पहाटेचं ध्यान, संध्याकाळचं ध्यान, रविवारचं मौन. ताईंच्या वर्गात होतं त्याच्या दसपट ती घरी करायला लागली. रडणं पूर्ण थांबलं. आई खुश, मावश्या खुश. सगळ्या नातेवाइकांत प्राचीचं उदाहरण द्यायला लागले – बघा पोरीने स्वतःला कसं सावरलं! एक मावशी तर तिच्याकडे ध्यान शिकायला आली.

मला पहिल्यांदा खटकलं ते आई पडली तेव्हा. प्राची घरी आलेली. आई बाथरूमच्या उंबऱ्याला अडकून पडली, कपाळाला खोक पडली, भळाभळा रक्त. मी वरच्या मजल्यावरून धावत आलो तर प्राची समोर मोड्यावर बसलेली. ताठ. मला म्हणाली, "दादा, आईला लागलंय." आवाजात ना घाई ना काळजी. कुकरची शिट्टी झाली हे सांगावं तसं. आईने रक्ताळल्या हाताने पदर कपाळाला लावलेला आणि ही बघतेय!

माझं डोकंच सटकलं. "अगं उठून फडकं तरी द्यायचंस!" मी ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "तुला राग आलाय. त्याच्याकडे बघ." मीच फडकं आणून आईच्या कपाळाला दाबून धरलं. हीच ती प्राची, जी माझ्या बोटाला टाचणी टोचली तरी लहानपणी स्वतः रडायची.

त्यानंतर थोड्या दिवसांनी निलेश स्टुडिओखाली आला. त्याआधी तो कधीच आला नव्हता. टपरीवर आम्ही चहा घेतला आणि त्याचा कप हातातच राहिला. म्हणाला, "दादा, मी काल तिच्यासमोर रडलो. पहिल्यांदाच. म्हटलं, मला पण मुलगी हवी होती गं. तर मला म्हणाली, हे जे रडतंय ना ते तू नाहीस, नीट बघ. आणि भांडी लावायला उठून गेली."

मी त्याच्या हातातला कप काढून बाकड्यावर ठेवला.

"ती कुठे गेली दादा? समोर असते, स्वयंपाक करते, ऑफिसला जाते. पण घरात कोणी नाहीये. आणि आता म्हणते गणपती झाले की तिकडे उत्तरेत जाणार, कुठल्या तरी आश्रमात. परत कधी येणार विचारलं तर म्हणाली, परत येणं-जाणं हे सगळं मनाचं आहे."

तेवढ्यावर तो रडायला लागला, भर टपरीवर. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. बाळ गेलंच होतं. आता माझी बहीण पण चालली होती, आणि आम्ही सगळे तिचं कौतुक करत बसलो होतो.

निलेशने तिला समुपदेशकाकडेही नेलं होतं. तिथे तिने इतकी सुंदर उत्तरं दिली की बाहेर येऊन तो माणूस म्हणाला, शी इज डूइंग व्हेरी वेल. घ्या!

मग मी तडक त्या ताईंना गाठलं. भांडायच्याच तयारीने गेलो होतो. हॉलमध्ये त्या एकट्याच सतरंज्या घडी करत होत्या. मी सुनवायला सुरुवात केली – तुम्ही माणसांचे दगड करता, माझ्या बहिणीचं डोकं फिरवलंत, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बसा. मी तिला रडू नकोस असं एकदाही सांगितलेलं नाही. उलट मी म्हणते, येऊ दे ते, पूर्ण येऊ दे. ती बघायला शिकलीच नाही अजून. ती पळायला शिकलीये, आणि पळण्याला ध्यान म्हणते. मलाही काळजी वाटते हो. बाकीची माणसं वर्गात हसतात, रडतात, घोरतात. ही एकटीच इतकी शांत असते की मला तिच्याकडे बघवत नाही."

भांडण घेऊन गेलेलो, तसाच घरी आलो. "मग करायचं काय?" एवढं मात्र निघताना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "तिच्याशी त्या बाळाबद्दल कोणी बोलतं का घरात?"

आणि तेच तर आम्ही कोणी करत नव्हतो! मी घरी येऊन आईला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "खबरदार तिच्यासमोर विषय काढलास तर! सावरली आहे ती."

मग गणपती आले. आमच्याकडे दीड दिवसाचा. प्राची-निलेश राहायला आले होते. प्राचीने सगळं नीट केलं, दुर्वा निवडल्या, पाहुण्यांना चहा दिला. आणि कोपऱ्यात तिची बॅग होती, नेहमीच्यापेक्षा मोठी. आमच्याकडूनच ती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी स्टेशनला जाणार होती. निलेश त्या बॅगेकडे बघत बसायचा. दोन दिवसांत आईलाही कळून चुकलं होतं की ही पोरगी तीर्थयात्रेला नाही, कायमची चालली आहे. पण बोलायची हिंमत कोणाचीच नाही.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्हा कोकणातल्या लोकांत देवाला गाऱ्हाणं घालतात. म्हणजे घरातला मोठा माणूस देवासमोर उभा राहून, हात जोडून, सगळ्यांच्या वतीने मोठ्याने बोलतो. आम्ही असे असे आहोत, हे असं चुकलं, ते पदरात घे, ह्याला असं कर, त्याला तसं दे. आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" ठरलेला मंत्र नसतो, बोलणाऱ्याला सुचेल तसं असतं. पण मालवणीत.

आमच्या घरी हे बाबा करायचे, बाबा गेल्यावर काका. त्या वर्षी काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ते गावाहून येऊ शकले नाहीत. फोनवर म्हणाले, "आता तूच घाल गाऱ्हाणां. घरातलो मोठो तू." मी म्हटलं, काका, मला मालवणी कळते, बोलता येत नाही, आणि माझा तर विश्वासही नाही. ते म्हणाले, "तुझो विश्वास कोण इचारता? तू बोल. पण एक लक्षात ठेव, गाऱ्हाणां एकदा सुरू केलंस काय मधी थांबाचा नाय." आणि मग त्यांनी फोनवरच माझ्याकडून चार-सहा वाक्यं घोटून घेतली. वर हुकूम सोडला, व्हिडिओ काढून पाठव, बघूक होया माका.

दुसऱ्या दिवशी दुपार. विसर्जनाला निघायच्या आधी आम्ही गणपतीसमोर उभे राहिलो. आम्ही म्हणजे मी पुढे, माझ्या डाव्या बाजूला आई आणि निलेश. प्राची भिंतीला टेकून जमिनीवर मांडी घालून बसली होती, अर्धे डोळे मिटून. तिला कोणी उठवलं नाही. स्नेहल एका बाजूला फोन घेऊन, व्हिडिओ काढत. बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारच्या घरात आरती चालू होती. घाबरण्यासारखं काही म्हणजे काहीच नव्हतं.

मी सुरू केलं. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत. जी काय सेवा केली ती गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझं मालवणी ऐकून स्नेहलला हसू येत होतं, फोन हलत होता. मलाही थोडं येत होतं.

"काय चुकला असात, माकला असात, तां पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरातल्या थोरामोठ्यांका, पोराबाळांका..."

आणि मी अडकलो. 'पोराबाळांका सुखी ठेव' असं ते वाक्य होतं. काकांनी घोटून घेतलेलं, प्रत्येक घरात म्हणतात तसंच. पण तोंडातून 'पोराबाळांका' गेलं आणि मला एकदम प्राची आठवली, मागे भिंतीला बसलेली. कुठली पोरंबाळं? कोणाची? पुढचा शब्दच फुटेना. मधी थांबाचा नाय, हे काकांचं वाक्य डोक्यात घणघणत होतं आणि मी थांबलो होतो.

आणि तेवढ्यात मी बोललो.

निदान मला तेव्हा तसंच वाटलं. घसा थरथरल्यासारखा झाला आणि एक शब्द मला स्पष्ट ऐकू आला –

"सुरंगी."

बस्. एवढंच. सगळ्यांनी सवयीने म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

माझ्याच मनात आलं, अरे हे काय बोललो मी? सुरंगी? ते तर फुलाचं नाव. पिवळी बारीक फुलं, कोकणात त्यांचे गजरे करतात. गाऱ्हाण्यात फूल कुठून आलं? मी वळून आईकडे बघणार इतक्यात मागून जो आवाज आला तो मी आयुष्यात विसरणार नाही.

प्राची ओरडली. रडली नाही, ओरडली. ढोपरांवर रांगत आली, माझा सदरा धरून उभी राहिली आणि मला मारायला लागली. "कोणी सांगितलं तुला? कोणी सांगितलं? मी कोणालाच नाही सांगितलेलं!"

"काय सांगितलं? प्राची, अगं काय?"

"माझ्या मुलीचं नाव आहे ते!"

स्नेहलच्या हातातला फोन खाली आला. निलेशचा चेहरा पांढराफटक. त्याला माहीत नव्हतं! त्यांच्या घरी तर मुलगी झाली तर आर्या की अनन्या यावर वाद चालला होता, हे मला माहीत होतं. सुरंगी हे नाव आम्ही कोणीही, कधीही ऐकलेलं नव्हतं.

प्राची खाली बसली आणि मग जे रडणं सुरू झालं ना... इतक्या महिन्यांचं तुंबलेलं सगळं. आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. विषय काढू नका म्हणणारी माझी आई, तीच आता म्हणत होती, "रड गो बाय, रड. सांग माका, कशी होती ती? सांग." आणि प्राची हुंदके देत सांगत होती – तिला केस किती होते, तिची नखं कशी होती, तिचा अंगठा निलेशसारखा होता. निलेश बाजूला बसून ऐकत होता आणि रडत होता. "मला पण बघायचं होतं गं नीट," तो परत परत म्हणत होता, "तू माझ्याशी बोललीच नाहीस."

शेजारचे विचारायला आले, विसर्जनाला निघताय ना? मी दारातूनच सांगितलं, तुम्ही व्हा पुढे. आमचा गणपती उन्हं कलल्यावर निघाला. रिक्षात प्राचीने गणपतीचा पाट स्वतःच्या मांडीवर घेतला होता आणि सगळ्या रस्त्याने तिचे डोळे गळत होते. ती बॅग दुसऱ्या दिवशी बोरिवलीला परत गेली.

नावाचं तिने नंतर सांगितलं. सातव्या महिन्यात ती आणि निलेश गावी गेले होते. देवळाबाहेर एका बाईच्या केसांत सुरंगीचा गजरा होता, त्याचा वास आला आणि बाळाने पोटात जोरात लाथ मारली. तेव्हाच तिने मनाशी ठरवलं, ही मुलगीच आहे. घरचे नाव ठेवतील ते ठेवतील, पण मी हिला सुरंगी म्हणणार. बारशाला सगळ्यांना सांगेन म्हणून मनातच ठेवलं. पोटातल्या बाळाशी बोलतानाही मनातल्या मनातच म्हणायची. त्या दिवसापर्यंत ते नाव तिने कधी मोठ्याने उच्चारलेलं नव्हतं.

मी स्वतःला समजावलं. असेल, कधीतरी ती झोपेत बोलली असेल, माझ्या कानावर पडलं असेल, डोक्यात कुठेतरी राहिलं असेल. मेंदू विचित्र असतो. भावनेच्या भरात बाहेर आलं. ठीक आहे. पटलं नव्हतं, पण चालवून घेतलं.

मग व्हिडिओ बघून काकांचा फोन आला.

"गाऱ्हाणां बरां घातलंस रे. पण सांगलेलंय ना मधी थांबू नको म्हणान? वाचा गेल्यासारखो उभो रवलंस. आणि एक सांग, तू काय बोलल्याशिवाय ही सगळी 'व्हय म्हाराजा' कशाक म्हणतत?"

मी म्हटलं, "काका, मी बोललो ना. नाव बोललो."

"खंय? काय नाय बोललंस. मी चार येळा बघलंय."

मला वाटलं, पाठवताना आवाज गेला असेल. स्नेहलच्या फोनमधला मूळ व्हिडिओ काढला. तोच प्रकार. 'पोराबाळांका' पर्यंत माझा आवाज खणखणीत. मग शांतता. पंख्याची घरघर, शेजारची आरती. मग सगळ्यांचं 'व्हय म्हाराजा'. मग प्राचीचं ओरडणं.

मी तो व्हिडिओ स्टुडिओत नेला. मोठ्या पडद्यावर लावला, हेडफोन घातले, आवाज वाढवून वाढवून त्या शांततेचा कोपरान् कोपरा ऐकला. पंखा आणि आरती. बाकी काही नाही. मग माझं तोंड बघितलं, एकेक फ्रेम पुढे सरकवत. अहो, हेच तर माझं काम आहे! 'सुरंगी' म्हणायला 'सु' ला ओठ पुढे येतात, 'रं' ला तोंड उघडतं, 'गी' ला ओठ ताणले जातात. माझे ओठ मिटलेले होते. घट्ट. दात खाऊन, रडू दाबून उभा असलेला माणूस दिसतो तसा मी दिसत होतो. एका फ्रेममध्येही तोंड उघडलेलं नाही.

मी परत मागे गेलो आणि पहिल्या फ्रेमपासून पुन्हा बघितलं. मी बोललोच नव्हतो!

आणि आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. मी घरी येऊन एकेकाला वेगवेगळं विचारलं. आई म्हणाली, तूच बोललास की. निलेश म्हणाला, तुमचाच आवाज. स्नेहल तर फोनमधून माझ्याकडेच बघत होती, तीही शपथेवर सांगते की मी 'सुरंगी' म्हटलं. मी तिला व्हिडिओ दाखवला तेव्हा तिने तो मध्येच बंद केला. परत कधी तो लावू नको म्हणाली.

प्राचीला मी मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, कशीबशी रुळावर येतेय, कशाला? कारण ती खरंच येत होती. परत भाजीवाल्यांशी भांडायला लागली. निलेशवर चिडायला, त्याच्या गळ्यात पडायला लागली. ताईंच्या वर्गालाही जाते अजून, बाकीचं सगळं बंद केलं. ताई मला एकदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "आता वर्गात सगळ्यात जास्त तीच रडते. आता शिकतेय ती." परवा मला फोन करून प्राचीने अर्धा तास झापलं, आईच्या गोळ्या आणल्या नाहीत म्हणून. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

गेल्या महिन्यात ती चारकोपला आली होती. आम्ही दोघंच वरच्या मजल्यावर बसलो होतो. मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं – काकांचा फोन, स्टुडिओ, मिटलेले ओठ. म्हटलं, "प्राची, मी नव्हतो बोललो गं. पण सगळ्यांनी माझाच आवाज ऐकला."

तिला धक्काबिक्का काही बसला नाही. माझ्याकडे जरा नवलाने बघत म्हणाली, "तुझा आवाज? तुला खरंच वाटलं तू बोललास?"

"मग? तू काय ऐकलंस?"

"दादा, तो तुझा आवाज नव्हताच रे. एवढुस्सा होता. आणि तुझ्याकडून नाही आला. इथून आला." तिने स्वतःच्या मांडीवर हात ठेवला. "मी तुला मारलं ते वेगळ्याच रागात. सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं, म्हणजे तुम्हालाही ते नाव ऐकू आलं, म्हणून मला वाटलं तूच ते कुठून तरी काढून घेऊन चेष्टा केलीस. पण आवाज तिचा होता. शाळेत पहिल्या दिवशी पोरं स्वतःचं नाव कसं नीट सांगतात ना, तसं तिने तिचं सांगितलं."

ती खाली गेल्यावर लॅपटॉप उघडला. इतके दिवस मी त्या व्हिडिओत फक्त माझं तोंड बघत होतो. पहिल्यांदा मी कोपऱ्यात बघितलं, भिंतीपाशी, जिथे प्राची बसली होती.

ती शांतता सुरू होते. आई माझ्याकडे बघतेय. निलेश माझ्याकडे बघतोय. प्राचीचे अर्धे मिटलेले डोळे उघडतात, आणि ती माझ्याकडे बघत नाही. ती खाली बघते, स्वतःच्या मांडीकडे. तिचा उजवा हात उचलला जातो आणि मांडीच्या वर, रिकाम्या हवेत थांबतो. गोल. बाळाचं डोकं तळहातात धरावं तसा. आणि मग सगळे म्हणतात, व्हय म्हाराजा.

मी साउंडचा माणूस आहे. न झालेला आवाज मला कसा ऐकू आला, हे मला माहीत नाही. तिला तो तिच्या मांडीवरून कसा आला, हेही नाही. कोणाकडे काही उत्तर असेल तर जरूर लिहा. हसायचं असेल तर हसा. मी मात्र आता कोणाच्या अनुभवाखाली ते इमोजी टाकत नाही.